क्लिन्झिंग ऑइल आठेक महिने वापरून: नाकावरचे पोर्स, बोअरचं पाणी आणि पंप

पंप गेला. चेहरा साफ करायच्या तेलाची दुसरी बाटली आहे ही माझी, अर्ध्याच्या वर तेल आहे अजून, आणि पंप दाबला की खाली जाऊन तिथंच बसतो. कस्टमर केअरला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, तर म्हणे पंप पॅकेजिंगमध्ये येतो, बदलून मिळत नाही, आणि अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का. वापरून वापरून बिघडलेल्या पंपाला अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काय करायचा सांगा. साडेसहाशे रुपये मोजलेत, त्यात पंपाचे पण आलेच की. मेलवर मेल झाले, दर वेळी नवीन माणूस आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तेलाबद्दल तक्रार नाही, उलट लई चांगलं बोलायचंय.

माझी स्किन तेलकट, नाकावर आणि नाकाशेजारच्या गालांवर पोर्स, म्हणजे कातडीवरची छिद्रं, लांबून दिसतील एवढे. लातूरचं ऊन, स्कूटीवर जाणं-येणं, त्यात सनस्क्रीनचा जाड थर आणि धूळ. फेसवॉशनं दोन-दोनदा धुतलं तरी टॉवेलला पांढरट लागायचंच. तेल आणलं तेव्हा आई म्हणाली, "आधीच तेलकट तोंड, त्याला अजून तेल लावायलीस?" पण तेल लावण्यात तथ्य आहे. पोर्समध्ये जे साचतं ते सीबम, म्हणजे चरबी, मेण आणि स्क्वालीन असलं मिश्रण, ते नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळतं. सनस्क्रीनचं पण तेच, पाण्याला टिकेल असं बनवलेलंच असतं ते.

आता साध्या तेलात आणि क्लिन्झिंग ऑइलमध्ये फरक काय, हे आत्याबाईंमुळं नीट कळलं. त्या म्हणाल्या कशाला पैसे घालतीस, घाण्याचं करडीचं तेल आहे घरात. खरंच आहे, आपल्याकडं करडीची काय कमी, आणि त्यात लिनोलेइक अ‍ॅसिड भरपूर, चेहऱ्याला जड पण वाटत नाही. लावून बघितलं. मळ सुटतो, सनस्क्रीन निघतं, पण तेल काही चेहऱ्यावरून जात नाही. मग साबण लावा, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे डाग पडतात, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि चेहऱ्यावर चिकट थर राहतो, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. क्लिन्झिंग ऑइलमध्ये इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र करणारा घटक, असतो, पाणी लागलं की तेल दुधासारखं पांढरं होऊन वाहून जातं, आणि तो साबणासारखा जड पाण्याशी फाटत नाही. घेताना मागच्या यादीत पॉलिसॉर्बेट किंवा पेग (PEG) असं काहीतरी आहे का बघा, कुठलाच इमल्सिफायर नसेल तर ते बाटलीत भरलेलं साधं तेलच आहे, घरचं काय वाईट.

पंपावर माझा एवढा जीव का जळतो ते आता सांगते. चांगला चालत होता तेव्हा पण एका दाबात गरजेपेक्षा जास्त तेल यायचं. जास्त तेल म्हणजे धुवायला जास्त पाणी. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे, नळ काही रोज येत नाही, टाकी बघून दिवस काढायचे. सुरुवातीला एकट्या चेहऱ्याला अर्धी बादली जायची, मला ते बघवत नव्हतं. मग जमवलं ते असं: हात कोरडे, चेहरा कोरडा, अर्धाच दाब, मिनिटभर हलक्या बोटांनी नाक-हनुवटी-गाल, मग बोटांची टोकं फक्त ओली करायची आणि परत फिरवायचं, पूर्ण पांढरं होईपर्यंत, गरज पडली तर परत ओली करायची. ही पायरी नीट झाली तर शेवटी तांब्या-दीड तांब्यात चेहरा मोकळा होतो. घाई करून डायरेक्ट पाणी मारलं तर तेल पसरत राहतं आणि बादली संपते. हे एकाही जाहिरातीत धड सांगत नाहीत. आणि अर्धा दाब मारायचा तर पंप मधेच थांबायला पाहिजे, तो जर अडकायला लागला तर सगळा हिशोब गेला. आता झाकण काढून जुन्या हेअर ऑइलच्या बारीक तोंडाच्या बाटलीत ओतून ठेवलंय, धुऊन पूर्ण वाळवून मगच ओतायचं बरं का, आत पाण्याचा थेंब गेला तर तेल गढूळ होतं.

पोर्सचं काय, ते सांगते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत नाक इतकं गुळगुळीत लागायला लागलं की मी बहिणीला सांगत सुटले होते, पोर्स बारीक झाले म्हणून. मे महिना आला, घाम आणि तेल वाढलं, आणि नाकावरचे राखाडी ठिपके जसेच्या तसे परत. तेव्हापासून मत बदललंय. ते ठिपके ब्लॅकहेड्स नसतातच बऱ्याचदा, सीबेशियस फिलामेंट, म्हणजे पोर्समध्ये भरलेल्या सीबमचे बारीक धागे, असतात, प्रत्येकाला असतात, काढले तरी काही आठवड्यांत परत भरतात. पोर्सचा आकार घराण्यावर, तेल किती सुटतं त्यावर, वयावर आणि उन्हावर ठरतो. त्याला स्नायू नाहीत, वाफेनं उघडला आणि बर्फानं बंद झाला असं काही होत नाही. तेलानं आतलं भरलेलं कमी होतं, काळेपणा जातो, म्हणून छिद्र कमी दिसतं, एवढंच. पण एवढंच माझ्यासाठी पुष्कळ आहे. मसाज करताना बोटाला बारीक कण लागतात ते बघून दहा-दहा मिनिटं घासत बसू नका, चेहरा लाल होतो फक्त. आतलं साफ ठेवायचं तर आठवड्यातून दोन रात्री 2% सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावते, ते तेलात विरघळणारं असल्यानं पोर्समध्ये उतरतं. आणि सनस्क्रीन बंद नाही केलं, कारण आता ते नीट निघतं.

सकाळी वापरत नाही, गरजच नाही. रात्री तेलानंतर साधा फेसवॉश थोडासा. तिसरी बाटली घेणार, पण दुसऱ्या कंपनीची आणि छोटी.

एक मात्र, माझ्या वहिनीला सूट नाही झालं. कपाळावर एकसारख्या बारीक खाजणाऱ्या पुळ्या आल्या, स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या तेल बंद करायला लावलं. ती बुरशीची भानगड होती, त्या बुरशीला तेलातली फॅटी अ‍ॅसिडं म्हणजे खाऊच. तुमच्या कपाळावर असं काही असेल तर बाटली मागवायच्या आधी दाखवून घ्या.