आधी जेफ पोर्कारो की स्टीव्ह गॅड?

ड्रमचे प्राथमिक धडे संपवून रॉक आणि पॉप गाण्यांच्या साथीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने आधी कोणाचे वादन बारकाईने अभ्यासावे, असा प्रश्न आला की जेफ पोर्कारो आणि स्टीव्ह गॅड ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोघेही सेशन ड्रमर, म्हणजे इतरांच्या गाण्यांसाठी स्टुडिओत बोलावले जाणारे वादक. स्टीली डॅन या अमेरिकन बँडच्या 1975 च्या ‘केटी लाइड’ अल्बममध्ये एक गाणे वगळता सगळीकडे पोर्कारो आहे, तर त्यांच्याच 1977 च्या ‘एजा’ अल्बमच्या शीर्षकगीतात गॅड. तयारी मात्र दोघांची अगदी निराळी आहे.

गॅडचा जन्म 1945 चा. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात रीतसर शिक्षण आणि पुढे लष्करी बँडमधील नोकरी यांमुळे रुडिमेंट्स, म्हणजे दोन्ही हातांच्या मूलभूत आघातरचना, त्याच्या वादनात पूर्णपणे मुरलेल्या आहेत. गायक पॉल सायमनच्या ‘फिफ्टी वेज टू लीव्ह युवर लव्हर’चा प्रसिद्ध ठेका लष्करी संचलनाच्या वळणाचा आहे; त्यात डावा हात हाय-हॅटवरही, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवरही जातो. ऐकताना तो सोपा वाटतो, पण हात घोटलेले नसतील तर दुसऱ्याच मात्रेला अडखळायला होते.

1954 मध्ये जन्मलेल्या पोर्कारोला वादनाचा वारसा वडिलांकडून, जो पोर्कारो यांच्याकडून मिळाला, आणि वयाची विशी गाठण्याआधीच तो सनी आणि शेर या गायक जोडीच्या दौऱ्यांत वाजवत होता. बॉझ स्कॅग्जचा ‘सिल्क डिग्रीज’ हा अल्बम, मायकेल जॅक्सनचे ‘बीट इट’ आणि स्वतःच्या टोटो या बँडची गाणी ही 1992 मध्ये अवघ्या 38 व्या वर्षी थांबलेली कारकीर्द किती विस्तृत होती, हे दाखवतात. त्याचे खरे मर्म टोटोच्या 1982 च्या ‘रोझॅना’ या गाण्यात सापडते. तिथे प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग होतात. उजवा हात हाय-हॅटवर पहिला आणि तिसरा भाग धरतो, मधल्या भागावर डावा हात स्नेअरला, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला, जेमतेम स्पर्श करतो आणि मुख्य आघात चारपैकी तिसऱ्या मात्रेवर ठामपणे पडतो. बर्नार्ड पर्डी आणि जॉन बोनम या ड्रमरांच्या शफलचा, म्हणजे झुलत्या चालीच्या ठेक्याचा, आधार घेऊन त्याखाली गिटारवादक बो डिडलीच्या वळणाचा बास ड्रम, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, त्याने बसवला, आणि या ऋणाचा त्याने स्वतःच खुलेपणाने उल्लेख केला. त्या जेमतेम स्पर्शांचा आवाज थोडा जरी वाढला तरी सगळा डोलारा कोसळतो, म्हणून हा ठेका म्हणजे आवाजाच्या तोलाची कसोटी आहे.

बँडमध्ये गाण्याला साथ करणे हेच ध्येय असेल, तर माझ्या मते पोर्कारोपासून सुरुवात करावी. त्याचे बहुतेक ठेके गाण्याच्या चौकटीतच राहतात, त्यामुळे शिकलेली गोष्ट बँडच्या पुढच्याच सरावात पारखता येते. जॅझकडे ओढा असेल किंवा डावा हात कच्चा असेल, तर मात्र गॅडला पर्याय नाही. त्याचा ‘एजा’मधील वेन शॉर्टरच्या सॅक्सोफोनला भिडणारा आवेश पोर्कारोच्या वादनात शोधू नये. ‘रोझॅना’ निवडल्यास पहिले काही दिवस बास ड्रम वगळून, मेट्रोनोम हे लय मोजणारे यंत्र अगदी संथ ठेवून, फक्त दोन हातांचा तोल साधावा.