उल्लासचा साक्षरता वर्ग: ऊसतोडीच्या गावातून एक अभिप्राय

ज्या वर्गाबद्दल लिहितेय तो माझी आई चालवते, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे यात माया असणारच. पण मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रात काम करते आणि समोरच्या खुर्चीत बसून अंगठा देणारी माणसं रोज बघते. ऊस तोडणाऱ्या बायांच्या बोटांवरचे ठसे झिजून गेलेले असतात. मशीनवर अंगठा ठेवायचा, पुसायचा, परत ठेवायचा, मग दुसरं बोट. ज्या बाईला सही येत नाही तिच्याजवळ ओळख पटवायला हाताची बोटंच असतात, आणि कामानं नेमकी तीच झिजवलेली असतात. म्हणून या वर्गाचं मोल मला आईच्या बाजूनं जितकं कळतं तितकंच या खुर्चीतूनही कळतं.

'उल्लास, नवभारत साक्षरता कार्यक्रम' ही केंद्राची योजना 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी आहे. मंजूर खर्च 1037.90 कोटी रुपये. वय 15 किंवा त्याहून जास्त असलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कोणालाही नाव नोंदवता येतं, फी नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के निघाली, बायकांची 75.87. हे आकडे राज्याच्या सरासरीचे. ज्या गावांतली निम्मी माणसं दिवाळीच्या आसपास बैलगाड्या नि ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथलं चित्र वेगळं आहे. तुमच्या गावात असा वर्ग चालू असेल तर आईला, आजीला, सासूला तिथे पाठवा, हे माझं सरळ मत आहे. आता कशासाठी पाठवा आणि काय बघून पाठवा, ते सांगते.

आईबद्दल सांगितल्याशिवाय वर्ग कळणार नाही. सातवी झाल्यावर तिचं लग्न झालं आणि ती माझ्या वडिलांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायला लागली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, देतो तीही त्या हिशेबानं. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा मलाही फडावर, म्हणजे तोड चालते त्या उसाच्या शेतावर, नेलं होतं. कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, पहाटे आई-वडील तोडायला गेले की धाकटीला सांभाळायचं. गावी परतेपर्यंत शाळेचं वर्ष सरत आलेलं असायचं. आईनं मग ठरवलं की पोरींची शाळा तुटू द्यायची नाही, आणि ती जायची थांबली. वडील एकटे गेले, म्हणजे अर्धा कोयता, उचलही निम्मी. ती तूट आईनं खुरपणीच्या रोजावर आणि शिलाई मशीनवर भरून काढली. पुढे मी नववीत असताना तिनं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. रात्री एकाच दिव्याखाली आम्ही दोघी अभ्यासाला बसायचो आणि बीजगणित मी तिला समजावून द्यायचे. तिचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी पेढे वाटले होते.

शिकवणं तिनं उल्लासच्या बरंच आधीपासून सुरू केलं. आधीच्या 'साक्षर भारत' योजनेत ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र असायचं, ते चालवायला प्रेरक नेमलेले असत, त्यांना महिना 2000 रुपये मानधन होतं. आई प्रेरक नव्हती, संध्याकाळी जाऊन मदत करायची. ती योजना मार्च 2018 मध्ये संपली. केंद्राला कुलूप लागलं, आणि आईच्या हाताखाली बाराखडीपर्यंत आलेल्या बायका तिच्या ओसरीवर येऊ लागल्या. उल्लास आल्यावर शाळेतल्या गुरुजींनी तिचं नाव स्वयंसेवक म्हणून अ‍ॅपवर नोंदवलं. तिच्या नावासमोर त्या बायकांची नावं जोडली गेली, इतकाच काय तो फरक पडला. वर्ग आधीच चालू होता.

वर्ग दुपारी दोन-अडीचला भरतो. भाकरी झालेली, भांडी घासून झालेली, गुरं सावलीला बांधलेली, आणि संध्याकाळच्या कामाला अजून अवकाश असतो. खुरपणीचे दिवस असले की तोच वर्ग रात्री जेवणानंतर होतो. वेळ बायकाच ठरवतात, आणि हा वर्ग टिकण्याचं एक कारण हेच आहे असं मला वाटतं. ओसरीवर लहान पोरंही असतात. त्यांना बाहेर काढलं जात नाही, पाटीचा एक कोपरा त्यांनाही मिळतो. सगळ्या जणी आईला पूर्वीपासून वैनी म्हणतात, वर्गातही वैनीच म्हणतात.

पुस्तक म्हणजे 'उजास' नावाची प्रवेशिका. हे पुस्तक मला मनापासून आवडलं. मोठ्या माणसाला लहान मुलाचं पुस्तक दिलं की त्याचं पहिल्याच दिवशी मन उठतं. कमळ, बदक, मगर वाचताना पन्नाशीच्या बाईला लाज वाटते, हे आईनं डोळ्यांनी पाहिलंय. प्रवेशिकेत रोजच्या जगण्यातले विषय घेतलेत. आधी त्यावर बोलायचं, मग त्यातला शब्द, मग शब्दातलं अक्षर. बायका विषयावर भरभरून बोलतात आणि त्या बोलण्यातून अक्षर आपसूक पुढे येतं. जोडाक्षरांपाशी मात्र गाडी अडते. 'ग्रामपंचायत' वाचताना 'ग्रा' आला की जीभ थबकते, रफार तर त्याहून अवघड. आई तिथे पुस्तक बाजूला ठेवते आणि ज्याच्या त्याच्या आडनावातलं, गावाच्या नावातलं जोडाक्षर घेते. स्वतःच्या नावातलं अक्षर कोणी विसरत नाही.

पण आईच्या वर्गाची खरी ताकद पुस्तकाबाहेर आहे. ती वजनाची पावती शिकवते.

कारखान्याच्या काट्यावर उसाचं वाहन आधी भरलेलं तोलतात, मग रिकामं. दोन्ही आकडे पावतीवर येतात आणि त्यांची वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. आईनं गावातल्या टोळ्यांकडून जुन्या पावत्या जमवल्या, त्यांच्या झेरॉक्स मी काढून दिल्या. फळ्यावर ती लिहिते: भरलेलं 28,450 किलो, रिकामं 8,950 किलो. वजाबाकी करा. हातचा घेताना बोटं मोजली जातात, पाटी पुसली जाते, पुन्हा मांडली जाते, आणि उत्तर येतं 19,500 किलो, म्हणजे साडेएकोणीस टन. मग दर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 273 चे 366 रुपये झाले. साडेएकोणीस गुणिले 366, झाले 7,137 रुपये. टोळीत दहा कोयते असतील तर एका कोयत्याच्या वाट्याला 713 रुपये 70 पैसे. उचलीतून किती फिटले आणि किती राहिले, हे ज्या बाईनं आजवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं ती हा हिशेब स्वतःच्या पाटीवर मांडते. त्या दिवशी वर्ग सुटायला उशीर होतो. एक आक्का, वयानं साठीच्या जवळ, पाटीकडे बघत म्हणाली होती, "इतकी वर्सं मी नुसती मोळ्या मोजल्या, वैनी. पैसं कधी मोजलंच न्हाईत."

उल्लासमध्ये अक्षर आणि अंकओळखीबरोबर जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे घटक धरलेत. त्यात पैशाचा हिशेब, आरोग्य, मोबाईल वापरणं, कायद्याची माहिती हे सगळं येतं. म्हणजे आई करते ते योजनेत बसतं. प्रत्येक वर्गात तसं होतं का, हे स्वयंसेवकावर अवलंबून आहे. तुम्ही वर्ग निवडत असाल तर एवढं विचारा: इथे फक्त बाराखडी गिरवतात, की बँकेची स्लिप, एसटीची पाटी, रेशनची पावती, औषधाच्या पाकिटावरची तारीख हेही वाचून घेतात?

शिकायला बसायच्या आधी डोळे तपासून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. चाळिशी लागलेल्या बाईला जवळचं अक्षर दिसतच नाही, आणि तिला वाटतं आपल्याला डोकं नाही. आई नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिच्यासमोर सुई-दोरा ठेवते. दोरा ओवता आला नाही तर आधी चष्मा. ग्रामीण रुग्णालयात नेते, नाहीतर शिबिराची वाट बघते. चष्म्याचे पैसे कधी बचत गटातून निघतात, कधी तिच्या शिलाईतून. योजनेनं पाटी-पुस्तकाबरोबर जवळचा चष्मा धरायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीबद्दल. वर्ग पूर्ण झाला की पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी असते. एकूण 150 गुण, वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. वेळ तीन तास, उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात 33 टक्के. चाचणी मराठीत देता येते, गावातल्या शाळेतच होते आणि दिवसभरात आपल्या सवडीनं येऊन बसता येतं. हा शेवटचा नियम ज्यानं केला त्याला घरच्या बाईचा दिवस कसा असतो ते ठाऊक असणार. प्रश्नही माणूस घाबरेल असे नसतात. प्रमाणपत्र मिळतं तेव्हा घरचे लोक फोटो काढतात, आणि ते प्रमाणपत्र कपाटातल्या जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलं जातं.

आता माझी खंत. महाराष्ट्रात ही चाचणी 17 मार्च 2024 ला झाली, पुढची 23 मार्च 2025 ला. दोन्ही वेळा रविवार, बहुतेकांच्या सोयीचा. पण मार्चमध्ये आमच्या भागातली किती तरी माणसं फडावरून परतलेली नसतात. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि ऊस किती आहे त्यावर मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो. अर्ध्यावर टोळी सोडून परीक्षेसाठी कोणी दोनशे-तीनशे किलोमीटर येत नाही, येऊ शकत नाही. उचल फिटायची असते. पावसाळाभर ओसरीवर बसून जिनं वाचायला शिकून घेतलं, ती चाचणीच्या दिवशी सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात असते. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, जिथून जिथून टोळ्या निघतात त्या तालुक्यांसाठी चाचणीचा हक्काचा दिवस दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असायला हवा. तेव्हा माणसं गावात असतात आणि शिकलेलं ताजं असतं. सर्वेक्षणालाही हेच लागू आहे. घराला कुलूप असताना नोंद घेतली तर जिला सगळ्यात जास्त गरज आहे तीच यादीतून गळते. ही मागणी मी ग्रामसभेत मांडली आहे, इथेही मांडते, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी शिक्षण विभागात असेल तर त्यांनी ती वर पोचवावी.

हंगामात शिकलेलं विसरू नये म्हणून आईनं स्वतःची एक रीत काढली आहे. टोळी निघताना प्रत्येकीच्या पिशवीत ती वही आणि दोन पेन्सिली घालते. फडावरून बायका व्हॉट्सअ‍ॅपवर त्या दिवसाच्या पावतीचा फोटो पाठवतात आणि ती मोठ्यानं वाचून आवाजही पाठवतात. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोणाचं तरी पोर रडतंय, आणि मध्ये एक बाई सावकाश एकेक आकडा वाचतेय. आई रात्री भाकरी थापून झाल्यावर एकेक ऐकते, चुकलं असेल तर परत वाचून पाठवते. माझ्या फोनवरही ते येतात, कारण गटात मी आहे. साठीच्या त्या आक्कांनी मागच्या हंगामात वाचलेल्या पावतीत दिवसाचा आकडा मुकादमाच्या वहीशी जुळत नव्हता. त्यांनी तो दाखवला, आणि टोळीसमोर वही दुरुस्त झाली.

स्वयंसेवकांच्या बाबतीत योजना हात आखडता घेते. मानधन नको, असं आई स्वतः म्हणते. पैसे मिळायला लागले की ओसरीचं कार्यालय होतं, हे तिचं म्हणणं. मला ते पटत नाही. खडू, वह्या, झेरॉक्स, फोनचा रिचार्ज, दवाखान्याला नेतानाचं भाडं हे सगळं एका शिलाई करणाऱ्या बाईनं का सोसावं? निदान वर्गामागे वर्षाला ठरावीक साहित्यखर्च द्यावा. आणि चाचणी झालेल्यांसाठी पुढचं वाचायला हवं: मोठ्या अक्षरांत, मोठ्या माणसांच्या विषयांवर, सोप्या मराठीत. प्रवेशिका संपली की बायका विचारतात, आता काय वाचू? आई सध्या त्यांना अभंगांची छोटी पोथी देते, कारण शब्द तोंडपाठ असतात आणि डोळा जिभेच्या मागे धावत अक्षर पकडतो. ही युक्ती उत्तम आहे, पण तेवढ्यावर भागत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा मार्च महिन्यासाठी कापला आहे.

नाव नोंदवायचं असेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, आधार कार्ड बरोबर न्या. शिकवायचं असेल तरी तिथेच जा, पदवी लागत नाही. टोळ्या परतल्या की आमच्या ओसरीवर नवा वर्ग सुरू होतो. आजूबाजूच्या गावच्या बायका आल्या तरी चालतं, लेकरं बरोबर आणली तरी चालतं. दोन वाजता या, आणि घरात एखादी जुनी वजनपावती असेल तर तीही आणा.