पाच हजारांच्या आतले चार हेडफोन : ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग ऐकणाऱ्याचा अनुभव

पाच हजार रुपयांच्या आत हेडफोन घ्यायला गेले की विक्रेता आधी बेसबद्दल बोलू लागतो. ज्यांचे ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, अभंग आणि अधूनमधून मुलाखती असे आहे, त्यांनी बेसची चौकशी सर्वांत शेवटी करावी, असे माझे मत गेल्या पावसाळ्यापासून चार हेडफोन आलटून-पालटून वापरल्यावर झाले आहे. त्यांपैकी तीन वायरचे आहेत : सोनीचा एमडीआर-झेडएक्स११०, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स आणि कॉसचा पोर्टा प्रो. चौथा एका ब्रँडचा ब्लूटूथ हेडफोन आहे. त्याचे नाव देण्याची गरज नाही, कारण त्या किमतीतल्या बहुतेकांचा स्वभाव थोड्याफार फरकाने तोच असतो.

खोक्यावरच्या आकड्यांवरून निवड करू नये. सोनीच्या खोक्यावर कंपनसंख्येचा १२ ते २२,००० हर्ट्झ असा पल्ला असतो आणि त्याच्या कितीतरी पट किमतीच्या एम२०एक्सवर १५ ते २०,००० हर्ट्झ. म्हणजे कागदावर स्वस्त हेडफोनच वरचढ ठरतो. या पल्ल्यात कोणता भाग किती फुगवला आहे आणि कोणता किती दबला आहे, हे तो आकडा सांगत नाही, आणि आवाजाचा सगळा फरक नेमका तिथेच असतो.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घेणे अत्यावश्यक आहे. सोनीचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) २४ ओहम आणि संवेदनशीलता (ठरावीक शक्ती दिल्यावर तो किती मोठा वाजतो ते) ९८ डेसिबल आहे. एम२०एक्सचे हेच आकडे ४७ ओहम आणि ९६ डेसिबल आहेत. फोनचा आवाज त्याच खुणेवर ठेवून वायर बदलली, तर सोनी सुमारे ५ डेसिबलने मोठा वाजतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरीव व स्पष्ट वाटतो. दुकानात दोन मिनिटे ऐकून घेतलेला हेडफोन घरी आल्यावर निराश करतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. प्रत्येक हेडफोनवर आवाज कमी-जास्त करून गायकाचा षड्ज सारख्याच जोराने ऐकू येऊ लागला, की मगच पुढचे ऐकावे.

माझी मुख्य कसोटी तानपुऱ्याची आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. एवढा खालचा स्वर हेडफोनने नीट दिला नाही तरी फारसे बिघडत नाही, कारण वरच्या स्वयंभू स्वरांवरून, म्हणजे मूळ स्वराबरोबर तारेतून उमटणाऱ्या उंच स्वरांवरून, कानाला मूळ स्वर आपोआप उमगतो. खरी परीक्षा त्या स्वयंभू स्वरांचीच असते. खर्जाच्या तारेतून उमटणारा गंधार सुमारे ३४६ हर्ट्झवर येतो, म्हणजे भर मध्यावर, गायकाच्या आवाजाला लागूनच. एम२०एक्सवर हा गंधार तार छेडल्यानंतर क्षणभराने वर येतो, थोडा वेळ टिकतो आणि पुढच्या तारेत मिसळतो, हे सलग ऐकता येते. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे जवारीला, म्हणजे तारेच्या झणकारत्या नादाला, जी धार येते तीही त्यात कळते. एका जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात दोन तानपुऱ्यांपैकी एकाची जवारी बंद आणि दुसऱ्याची खुली आहे, हे मला त्यावरच प्रथम जाणवले. सोनीवर गंधार असतो, पण तो शोधावा लागतो. ब्लूटूथ हेडफोनवर १०० ते २०० हर्ट्झचा भाग इतका फुगवलेला आहे की तानपुरा म्हणजे मागे सतत चाललेली एक घुमणारी गुणगुण एवढेच उरते.

डग्ग्याच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. बेस वाढवलेला हेडफोन निदान डग्गा तरी चांगला वाजवेल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ‘घे’चा घुमार मोठा होतो, पण मनगटाने दाबून काढलेली मींड, जिच्यात स्वर चढत जातो, ती त्या घुमारात बुडून जाते. विलंबित एकतालात तबलजी ज्या बारकाव्यांनी आवर्तन भरतो ते मग एकसारखे धपधप ऐकू येतात. एम२०एक्समध्ये अगदी खालच्या स्वरांचा धक्का कमी आहे. ढोल-ताशा किंवा हल्लीची चित्रपटगीते ऐकणाऱ्याला तो कोरडा वाटेल. मला तो पुरेसा आहे. त्याची वरची बाजू मात्र किंचित दबलेली आहे, त्यामुळे तबल्याच्या चाटीची तीक्ष्णता आणि झांजेचा झणत्कार थोडा मऊ होतो. अभंगांत टाळ महत्त्वाचे असतात, तिथे ही उणीव जाणवते.

पोर्टा प्रो हे मॉडेल १९८४पासून बाजारात आहे आणि त्याचे रूप जवळजवळ तेच राहिले आहे : पातळ धातूची पट्टी, कानावर टेकणारे स्पंजचे गोळे आणि मागून उघडी बांधणी. दिसायला ते खेळण्यासारखे वाटते. आवाज मात्र उबदार आणि मोकळा आहे. बेस थोडा पुढे असला तरी गळ्यावर चढून बसत नाही, आणि उघड्या बांधणीमुळे गायक डोक्याच्या आत नव्हे, तर जरा समोर बसून गातो आहे असे वाटते. नाट्यसंगीतात ऑर्गन, सारंगी आणि गायक एकाच वेळी मध्य सप्तकात असतात, तिथे या मोकळेपणाचा मोठा लाभ होतो. याची दुसरी बाजू अशी की बाहेरचे सगळे आत येते आणि आतले सगळे बाहेर जाते. लोकलमध्ये याचा उपयोग शून्य आहे. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे कानांना घातक आहे, आणि शेजारच्या प्रवाशाने तुमची बंदिश का ऐकावी, हाही प्रश्न आहेच.

जुन्या तबकड्यांवरून केलेली ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांत खालचे आणि वरचे स्वर मुळातच फारसे उतरत नसत. अशा ध्वनिमुद्रणात बेस वाढवला की गाण्यात भर पडत नाही, फक्त तबकडीची घरघर वाढते. ट्रेबल वाढवला की सुईची खरखर पुढे येते. या एका कामासाठी एम२०एक्सचा किंचित दबलेला वरचा भाग वरदान आहे. सोनीही इथे बऱ्यापैकी निभावतो. हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. मुलाखती, बातम्या आणि ऑनलाइन वर्ग यांना तो उत्तम आहे, वजनाला हलका आहे आणि घडी होऊन पिशवीत बसतो. कानावर दाबून बसत असल्याने तासाभराने पाळी दुखू लागते, एवढेच.

ब्लूटूथबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. त्याचा आवाज खराब असण्याचा दोष अनेकजण बिनतारी जोडणीला देतात. एसबीसी या सर्वांत साध्या कोडेकवरही (आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीवरही) सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत दर मिळू शकतो आणि गाणे ऐकायला तो वाईट नाही. मूळ दोष बहुतेक वेळा ट्यूनिंगचा, म्हणजे कोणता भाग किती फुगवला किंवा दाबला याचा, असतो. फोनमधील इक्वलायझरने १५० हर्ट्झच्या आसपासचा भाग चार-पाच डेसिबल उतरवल्यावर माझ्या हेडफोनवरचा गायकाचा गळा लक्षणीयरीत्या मोकळा झाला. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज एकदम टेलिफोनसारखा का होतो, याचे कारण मात्र ब्लूटूथच आहे : त्या वेळी जोडणी संभाषणाच्या प्रकारात जाते आणि सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ किंवा त्याहूनही खाली येते. लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला की संगीताची प्रत परत येते.

टिकाऊपणाबाबत थोडक्यात लिहितो. ब्लूटूथ हेडफोनच्या कुशनवरचे कृत्रिम चामडे पावसाळी दमटपणात सोलवटू लागले आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागले. पोर्टा प्रोचा स्पंज कालांतराने झिजतो. तो वेगळा मिळतो आणि बदलणे सोपे आहे. एम२०एक्सची वायर ३ मीटर लांब असून ती सुटी होत नाही. टेबलाशी बसून ऐकताना ती लांबी सोयीची वाटते, चालताना मात्र ती पायात येते, म्हणून मी तिची गुंडाळी करून वेलक्रोच्या पट्टीने बांधून ठेवली आहे. फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा कनव्हर्टर लागेल, आणि त्याचा खर्च बजेट ठरवतानाच धरावा.

शांत खोलीत एकटेच ऐकणाऱ्याने पोर्टा प्रो घ्यावा. घरात टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, अशा ठिकाणी बंद बांधणीचा एम२०एक्स बरा. त्यातही रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याने, ज्याला गुरूंच्या ध्वनिमुद्रणातील श्रुतींचे बारकावे पकडायचे आहेत, पैसे साठवून एम२०एक्सच घ्यावा आणि तोपर्यंत सोनीवर काम चालवावे.