सुनौलीत भेटलेला ‘आपला माणूस’

भारत-नेपाळ सीमेवरच्या सुनौलीत, कमानीच्या अलीकडे कुणी मराठीतून हाक मारली तर थांबू नका. आम्ही थांबलो, आणि पाऊण तासात २३,१०० रुपये घालवून बसलो.

२०२३ चा ऑक्टोबर, नवरात्र चालू होतं. माझ्या मित्राच्या शेतात केळीची कापणी नुकतीच झाली होती आणि व्यापाऱ्याचे पैसे आले होते. रात्री भुसावळला स्टेशनबाहेर चहा पिताना त्याने विषय काढला: पाठीवर एकेक सॅक टाकायची आणि नेपाळला निघायचं, आधी काही ठरवायचं नाही. त्याच्या आईला, आमच्या मावशींना, मुक्तिनाथाचं दर्शन घ्यायचंय. आपण आधी वाट बघून येऊ. नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, काही न विचारता वीस हजार काढून दिले. दुसऱ्या पहाटे आम्ही कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये होतो.

आपल्या भागातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथला लोक जातात ते बहुतेक यात्रा कंपनीबरोबर. परमिट, नोटा, गाड्या सगळं ते लोक बघतात. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला एक संध्याकाळ पुरली असती. हे मी आज लिहितोय ते त्या एका संध्याकाळीसाठी.

गोरखपूरहून बसने सुनौलीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. ट्रकांची लांबलचक रांग, सायकल रिक्षा, धूळ. आम्ही आपसात बोलत चाललो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “काय भो, जळगावकडचे का?”

दोन दिवस कानावर मराठी शब्द पडला नव्हता. आम्ही दोघेही वळलो. तिशी-पस्तिशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्राची दोरी. म्हणाला, जळगावला एका हॉटेलच्या भटारखान्यात दोन वर्षं होतो. सुभाष चौक त्याला माहीत होता. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी यांची नावं त्याने घेतली. भरीत पार्टीत वांगी काड्यांवर भाजतात हेही त्याला ठाऊक होतं. मित्राने त्याच्या खांद्यावर हातच ठेवला. माझ्या मते आम्ही तिथेच फसलो. पुढचं सगळं निव्वळ मोजदाद होती.

त्याने एका गाळ्यात नेऊन चहा मागवला आणि विचारलं, “ओळखपत्र काय आहे?” माझ्याकडे मतदान कार्ड होतं, मित्राकडे फक्त आधार. तो मान हलवत म्हणाला, आधार चालत नाही, परत पाठवतील, पण मी बघतो. यातला पहिला भाग खोटा नव्हता. नेपाळला जाताना भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं कार्ड जवळ असावं लागतं. मित्राचा चेहरा उतरला आणि तिथून पुढे त्या माणसाने जे जे सांगितलं, ते आम्ही ऐकत गेलो.

त्याच्या प्रत्येक बोलण्यात खऱ्याचा एक तुकडा होता. नेपाळात पाचशेच्या नोटा बाळगल्या तर पकडतात, असं तो म्हणाला. तेव्हा शंभरच्या वरच्या भारतीय नोटांना तिथे खरोखरच बंदी होती. (हे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यातला ताजा नियम बघा.) आमच्याकडच्या सगळ्या नोटा पाचशेच्या. नानांचे वीस हजार त्याने घेतले आणि २८,००० नेपाळी रुपये मोजून दिले. भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, म्हणजे ३२,००० यायला हवे होते. ४,००० नेपाळी, आपले अडीच हजार, तिथेच गेले. मी स्वतः पतसंस्थेत काम करतो, दिवसभर व्याजाची आकडेमोड करतो. दर काय, एवढंही मी विचारलं नाही, कारण आपल्या माणसाला विचारणं बरं वाटलं नाही.

मग ‘भन्सार’ म्हणून माणशी ८०० रुपये. भन्सार म्हणजे जकात. आपण आपली गाडी घेऊन गेलो तर तिचा भन्सार भरावा लागतो. पायी जाणाऱ्या माणसाला कसलाही भन्सार नाही.

सगळ्यात मोठी रक्कम त्यानंतरची. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केल्याची बातमी त्याने मोबाईलवर दाखवली. बातमी खरी होती. आम्ही मात्र ट्रेकिंगला जातच नव्हतो, पोखऱ्याहून जीपने मुक्तिनाथला जाणार होतो. “दशैं आहे, ऑफिसं बंद होतील, बसला जागा मिळणार नाही,” असं तो पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत म्हणत होता. दशैं, म्हणजे आपला दसरा, हा तिकडचा सर्वांत मोठा सण. गर्दीही खरीच होती. पोखऱ्यापर्यंत एसी बस, मुस्तांगचं (मुक्तिनाथ ज्या जिल्ह्यात येतं त्याचं) परमिट, गाईड आणि जीप मिळून माणशी ९,५०० ठरले. १९,००० मी यूपीआयने पाठवले. आम्ही अजून भारताच्या हद्दीतच होतो आणि पैसे भारतातल्याच खात्यात गेले. तो नेपाळी होता की आपल्याकडचा, मला आजही सांगता येणार नाही. म्हणून ‘नेपाळ्यांनी फसवलं’ असं कुणी म्हटलं की मी थांबवतो.

सीमेपलीकडच्या भैरहवा गावी बसचा कंडक्टर तिकीट बघून म्हणाला, हे आमचं नाही. पुन्हा पैसे भरले आणि पाल्पापर्यंत उभ्याने गेलो. पोखऱ्यात गाईड भेटणार होता, त्याचा फोन बंद. रात्री ज्या लॉजवर उतरलो तिथल्या दिदींनी आमचं ‘परमिट’ दिव्याखाली धरलं आणि हळूच म्हणाल्या, “भाइ, यो परमिट होइन.” ती साधी पावती होती, वर डोंगराचं चित्र छापलेलं.

मग त्यांनीच समजावलं. मुक्तिनाथच्या वाटेवर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट लागतं, ते भारतासह सार्क देशांच्या लोकांना १,००० नेपाळी रुपयांत पोखऱ्याच्या काउंटरवर मिळतं. काढलं नाही तर तपासणी नाक्यावर दुप्पट. आमची जीप पहाटेची होती, त्यामुळे आम्ही दुप्पटच भरले. महागडं खास परमिट लागतं ते कागबेनीच्या पुढे, वरच्या मुस्तांगसाठी. मुक्तिनाथ खालच्या मुस्तांगात येतं. या दोन मुस्तांगांच्या घोळावरच तो माणूस पैसे काढत होता.

दर्शन झालं. सुमारे ३,७०० मीटर उंचीवर १०८ गोमुखांतून पडणारं बर्फासारखं पाणी. मित्र त्याखालून पळत गेला. मी काठावर उभा राहून पैशांचा हिशोब करत होतो. देवाच्या दारातला तो वेळ असा गेला, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं आहे.

परतीला सुनौलीत तो माणूस पुन्हा दिसला. त्याच रस्त्यावर एका गुजराती कुटुंबाशी गुजरातीत बोलत होता. मित्र धावत गेला आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या माणसाने आम्हाला ओळखच दाखवली नाही. कुटुंबातल्या आजोबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि ते सगळे पुढे निघाले. आमचे पैसे मागितले, तेव्हा चार जण जमा झाले; आम्ही निघून आलो.

घरी आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर नऊ दिवस उलटले होते आणि खातं रिकामं झालं होतं. असा फोन पहिल्या तासाभरात केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते, हे तेव्हा समजलं. नेपाळात काही झालं तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११४४ आहे. मी तो वेळेवर लावला नाही, कारण माहीतच नव्हता.

ती पावती मी जपून ठेवली आहे. गावातून कुणी नेपाळला निघालं की त्यांच्या घरी जाऊन दाखवतो. नानांनी पैशांचं आजवर विचारलेलं नाही. मावशी मात्र विचारतात, गोमुखांचं पाणी किती गार होतं, वर चढायला पायऱ्या किती. त्यांना न्यायचं आहे. मतदान कार्ड त्यांनी आत्ताच पाकिटात घालून ठेवलं आहे.