गवंडीकामाचे आरपीएल प्रमाणपत्र : एका बांधकाम-हंगामानंतरचा अनुभव

राजापूर-लांजा पट्ट्यात गेली वीसेक वर्षे मी जांभ्या चिऱ्याची घरे बांधत आहे. काम वडिलांच्या हाताखाली शिकलो. आयटीआयमध्ये कधी प्रवेश घेतला नाही, कोणत्या कंपनीत शिकाऊ उमेदवारीही केली नाही. गावच्या कामात त्यावाचून काही अडत नव्हते, कारण घरमालक आधी बांधलेली घरे पाहून काम देतो. पुढे महामार्गालगतच्या एका मोठ्या कामावर कंत्राटदाराने माझी हजेरी अर्धकुशल म्हणून लावली आणि कुशल दर हवा असेल तर कागद दाखवा, असे सांगितले. तेव्हा आरपीएल, म्हणजे पूर्वी मिळवलेल्या कौशल्याच्या मान्यतेची चौकशी सुरू केली.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. काम येते पण प्रमाणपत्र नाही, अशा माणसांसाठी तिच्यात आरपीएल हा स्वतंत्र मार्ग आहे. येथे दीर्घ प्रशिक्षण नसते. आधी समुपदेशन, मग थोडी उजळणी आणि शेवटी मूल्यमापन. योजनेच्या २०१६ ते २०२० या टप्प्यात ही उजळणी १२ तासांची होती. आमच्या तुकडीला त्याहून जास्त वेळ बसवले आणि ते योग्यच झाले. उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. आधार कार्ड, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक एवढी तयारी लागली. आमच्यातील एकाचे आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव जुळत नव्हते, तो पहिल्याच दिवशी मागे राहिला. वर्ग पावसाळ्यात ठेवला होता, हे मात्र आयोजकांचे शहाणपण म्हणावे लागेल, कारण आमच्याकडे दिवाळीनंतर कोणी गवंडी कामावरून उठून वर्गात येऊन बसणार नाही.

उजळणीत हाताच्या कामाबद्दल नवे असे फारसे नव्हते. नकाशावाचन मात्र उपयोगी पडले. आजवर मालक किंवा इंजिनिअर जागेवर उभा राहून दाखवील तशी आखणी आम्ही करत आलो होतो. तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढणे हाताला माहीत होते, परंतु कागदावरील मध्यरेषा धरून पायाची रुंदी दोन्ही बाजूंना सारखी कशी वाटायची, ते मी तिथे पहिल्यांदा नीट शिकलो. परांचीवरील सुरक्षेचा तासही चांगला होता. हेल्मेट आणि कमरेच्या पट्ट्याला आमच्याकडे अजून हसतात, ती गोष्ट वेगळी.

मूल्यमापन शिकवणाऱ्या माणसाने केले नाही. त्यासाठी वेगळ्या संस्थेचा परीक्षक आला होता, आणि या पद्धतीतील ही सर्वांत विश्वासार्ह बाब आहे. टॅबवर काही प्रश्न सोडवले, तोंडी प्रश्न झाले आणि मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात विटांचा इंग्लिश बाँडमधला कोपरा उभा करायचा होता: एक थर स्ट्रेचरचा (विटेची लांब बाजू बाहेर), त्यावर हेडरचा (आखूड बाजू बाहेर), आणि हेडरच्या थरात कोपऱ्यालगतच्या विटेशेजारी लांबीच्या दिशेने उभी अर्धी फोडलेली वीट, म्हणजे क्वीन क्लोजर, जेणेकरून वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही. परीक्षकाने प्रत्येक थराला ओळंबा सोडून पाहिला, काटकोन पाहायला गुण्या लावला आणि मसाल्याची जाडी सगळीकडे सारखी आहे का, हे तपासले.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. कोकणातला गवंडी आयुष्यभर जांभा लावतो आणि परीक्षा विटेची देतो. वीट मापात येते, चिऱ्याच्या कडा तासून घ्याव्या लागतात. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो आणि हवेवर राहिला की टणक होतो, त्यामुळे कोणता चिरा आज लावायचा आणि कोणता अजून ठेवायचा, हे ओळखणे आमच्या कामात मोठे कौशल्य मानले जाते. त्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे. तेव्हा तो परीक्षेबाहेर ठेवण्यासारखा गावठी माल आहे, असे कोणी म्हणू नये. सांधेमोड आणि ओळंब्याची सवय दोन्हीकडे सारखीच असल्याने मी निभावलो, पण चिऱ्यात मुरलेल्या आमच्या एका ज्येष्ठ गवंड्याचा हात विटेवर अडखळला, आणि तो परीक्षेचा दोष होता असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्र हाती यायला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला. आता उपयोगाबद्दल. महामार्गाच्या त्या कामावर हजेरी कुशल दराने लागली. माझ्या दृष्टीने एवढ्याने सगळी खटपट वसूल झाली. मुंबईतील एका चाकरमान्याने गावच्या घरासाठी फोनवरच अंदाजपत्रक मागवले, तेव्हा मी त्यासोबत प्रमाणपत्राची प्रत पाठवली. त्यांनी त्यावरील क्यूआर कोड तपासला आणि आगाऊ रकमेची बोलणी सोपी झाली. गावात मात्र दरात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही, आणि पडेल असे मला वाटत नाही.

काही गैरसमज मी वारंवार ऐकतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी वेगळी आहे. तिच्यासाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि आरपीएलने ती आपोआप होत नाही. आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांनीही केवळ यावर विसंबू नये, कारण सौदी अरेबियासारखा देश काही व्यवसायांसाठी स्वतःची कौशल्य पडताळणी चाचणी घेतो. वायरिंग करणाऱ्या मित्रांना तर आवर्जून सांगतो की, हे प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा परवाना नव्हे. तो राज्याच्या विद्युत अनुज्ञापन यंत्रणेकडूनच घ्यावा लागतो.

ज्यांना गावाबाहेरची किंवा कंत्राटदाराकडची कामे करायची आहेत, त्यांनी पुढच्या पावसाळ्यात नाव नोंदवावे आणि त्याआधी निदान आठवडाभर विटेवर हात बसवून घ्यावा. माझ्या भाच्याला मात्र मी याची शिफारस केली नाही. तो अजून सतरा वर्षांचा आहे आणि त्याच्यासाठी आयटीआयचा गवंडी व्यवसाय हाच सरळ रस्ता आहे.