एआयच्या काळात प्राध्यापकांना आधार कसा द्यावा : कार्यशाळा, कोर्स की आपलाच गट?

तुम्ही प्राचार्य असाल किंवा आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाचं काम तुमच्याकडे असेल, तर यंदाच्या आराखड्यात प्राध्यापकांच्या एआय प्रशिक्षणाची एक ओळ असणारच. पुण्यात त्यासाठी साधारण तीन वाटा दिसतात. बाहेरचा तज्ज्ञ बोलावून एक-दोन दिवसांची कार्यशाळा घेता येते. मालवीय मिशन (केंद्र सरकारची शिक्षक प्रशिक्षणाची योजना) किंवा एनपीटीईएलचा (आयआयटींचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) मान्यताप्राप्त कोर्स करायला सांगता येतं. किंवा महाविद्यालयातच सात-आठ प्राध्यापकांचा वर्षभर चालणारा गट उभा करता येतो. मी इथल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते आणि तिन्हींतून गेले आहे. माझा कौल गटाला आहे. तो प्रत्येकाला झेपेलच असं नाही, म्हणून अडचणींसकट लिहिते.

कार्यशाळेचा एक फायदा नाकारता येत नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं, तरी ते स्वतः उघडून न पाहिलेले सहकारी आजही भेटतात. लॅबमध्ये कुणाच्या तरी शेजारी बसून त्यांनी पहिला प्रश्न टाइप केला, की निम्मी भीती तिथेच जाते. त्यासाठी एक दुपार पुरते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या तासाला एस.वाय.च्या वर्गात काय वेगळं करायचं, हे त्या दुपारी कळत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शावर्स यांनी १९८० मध्येच प्रशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं होतं की नुसतं ऐकून आणि पाहून नवी पद्धत वर्गात टिकत नाही. सराव, अभिप्राय आणि पुढे सोबत करणारं माणूस लागतं. तो अभ्यास शाळांच्या शिक्षकांबद्दलचा होता, पण महाविद्यालयातला माझा अनुभवही तोच आहे.

कोर्सचं गणित वेगळं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं पूर्वीचं एचआरडीसी, म्हणजे मनुष्यबळ विकास केंद्र, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथलं रिफ्रेशरचं, म्हणजे उजळणी कोर्सचं प्रमाणपत्र कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी चालतं, आणि पदोन्नती अडकलेल्या सहकाऱ्याला ते लागतंच. एनपीटीईएलवर व्हिडिओ पाहायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेचं शुल्क तेवढं भरावं लागतं. विषयाचं ज्ञान ताजं करायला हे कोर्स उत्तम. शिकवण्याच्या बाबतीत मात्र माणूस एकटा शिकतो आणि एकटाच वर्गात परततो. ज्यांना कॅससाठी हवं त्यांना जरूर पाठवा, ड्यूटी लीव्ह अडवू नका. फक्त प्रमाणपत्रांची संख्या म्हणजे अध्यापनात झालेला बदल, असं धरू नका.

या तिन्हींच्या आधी बैठकीत हमखास येणारी सूचना म्हणजे ‘एआय पकडणारं सॉफ्टवेअर घेऊ या’. त्यावर पैसे घालू नका, हे मी कळकळीने सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ते ओळखत होतं, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी एआयचे ठरवले. कारण साधं आहे : मोजक्या शब्दांतलं, सरळ वाक्यांचं इंग्रजी या साधनांना यंत्राचं वाटतं. जुन्नर किंवा अकोल्याहून मराठी माध्यमातून आलेली, शब्दकोश शेजारी ठेवून दोन पानं लिहिणारी मुलगी अशा अहवालाने चोर ठरते. तिच्यापुढे ती आकडेवारी ठेवून जाब विचारण्याची वेळ आपल्यातल्या कुणावरही येऊ नये.

आता गटाबद्दल. वेगवेगळ्या विभागांतले सात-आठ जण, दर पंधरवड्याला एक तास, शक्यतो सकाळ आणि दुपारच्या सत्रांच्या मधल्या वेळेत. पहिलं काम म्हणजे प्रत्येकाने आपलाच इंटर्नलचा (अंतर्गत परीक्षेचा) प्रश्न चॅटजीपीटीला किंवा गूगलच्या जेमिनीला द्यायचा, उत्तराची प्रिंट काढायची आणि नेहमीच्या गुणदान योजनेने ती तपासायची. दहापैकी आठ गुण मिळाले, तर दोष प्रश्नात आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग प्रश्न बदलायचा. अर्थशास्त्रात ‘महागाईची कारणे लिहा’ ऐवजी घराजवळच्या भाजीवाल्याकडचे पाच वस्तूंचे भाव तीन आठवडे टिपायचे, मार्केट यार्डातल्या घाऊक भावांशी ताडायचे आणि फरक का पडला ते लिहायचं. वनस्पतिशास्त्रात वेताळ टेकडीवरच्या ठरलेल्या पट्ट्यातल्या झाडांची नोंद करायची. इतिहासात शनिवारवाड्यावरची एआयने लिहिलेली टीप हातात द्यायची आणि प्रत्यक्ष जाऊन, ग्रंथालयात बसून तिच्यातल्या चुका शोधायला सांगायचं. इथे एआयला बंदी नाही, पण त्याला विचारून काम उरकतही नाही.

साधन कसं वापरू दिलं यावर सगळं ठरतं, हे तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात दिसलं. सरावाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन मिळालेल्या मुलांनी सराव ४८ टक्के चांगला केला. ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हे साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. शिक्षकांच्या मदतीने आखलेलं, उत्तर न देता इशारे देणारं साधन ज्यांना मिळालं, त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही. ती आखणी शिक्षकालाच करावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

गटातली आणखी एक पद्धत मला फार मोलाची वाटते. सहाव्या-सातव्या आठवड्यात दुसऱ्या विभागाच्या मॅडम वर्गात येतात, आपण बाहेर जायचं. त्या मुलांना विचारतात : शिकायला कशाची मदत होते, कुठे अडतं, काय बदलावं? वीस मिनिटं पुरतात. मुलं मोकळेपणी बोलतात आणि सत्र संपायच्या आत बदल करता येतो. अट एकच : हे बोलणं गोपनीय अहवालात किंवा कॅसच्या फाइलमध्ये जाता कामा नये. प्राचार्यांनी हा शब्द पहिल्याच दिवशी सर्वांसमोर द्यावा. तो मोडला, तर गट संपला.

अडचणी मोठ्या आहेत. असाइनमेंट स्वतः समजून केली का हे पाहायला कॉमर्सच्या १२० जणांच्या वर्गात प्रत्येकाची पाच मिनिटं तोंडी घ्यायची तर दहा तास जातात. आम्ही प्रत्येक असाइनमेंटला चिठ्ठ्या टाकून वीस जणांना बोलावतो. शंभर मिनिटांत होतं, आणि आपली चिठ्ठी निघू शकते म्हणून तयारी सगळेच करतात. दुसरी अडचण तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची. अनेक ठिकाणी निम्मं शिकवणं तेच करतात, आणि मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचंच. गटातला त्यांचा वेळ फुकट घेऊ नका. तज्ज्ञांच्या मानधनावर, जेवणावर आणि बॅनरवर जाणारा खर्च इकडे वळवला, तर हे पैसे बऱ्यापैकी निघतात.

स्वायत्त महाविद्यालय असेल तर सत्रांत परीक्षेचे प्रश्नही गटात घ्या. संलग्न असाल तर लेखी परीक्षा विद्यापीठाची, तुमच्या हातात इंटर्नल. तेवढ्यावरच लक्ष द्या. पाच-सहाच प्राध्यापक असतील, तर शेजारच्या महाविद्यालयाशी मिळून गट करा. आणि बहुतेक सहकाऱ्यांनी एआय अजून हाताळलेलंच नसेल, तर आधी ती एका दुपारची कार्यशाळा घ्या. आपल्याच संगणक विभागातले कुणी ती छान घेतील.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एकच कागद आणावा : गेल्या सत्रातला असा प्रश्न, ज्याची सगळ्या वर्गाची उत्तरं एकसारखी आली होती.