पाळीव उंदरांना घर मिळवून देणारा निवारा

सिंहगड रस्त्यालगतच्या एका प्राणी निवाऱ्यातून आम्ही गेल्या महिन्यात उंदराच्या दोन माद्या दत्तक घेतल्या. उंदीर सोबतीने राहणारा प्राणी असल्याने तो एकटा दिला जात नाही, आणि गर्भकाळ जेमतेम २१ ते २३ दिवसांचा असल्याने नर-मादीची जोडीही देत नाहीत, हे तिथल्या ताईंनी शांतपणे समजावले. आयुष्य साधारण २ ते ३ वर्षांचेच असते, हे त्यांनी आधीच सांगितले, ते मला फार मोलाचे वाटले. करड्या मादीच्या डोळ्याभोवतीचा लालसर स्राव रक्त नसून ताणामुळे किंवा आजारपणात वाढणारे पोर्फिरिन नावाचे रंगद्रव्य आहे, हे दाखवून तिला तपासणीसाठी आठवडाभर ठेवून घेतले. कागदपत्रांसाठी मात्र दोन चकरा झाल्या. आता दोघी आईच्या जुन्या सुती साडीच्या घडीत एकमेकींना बिलगून झोपतात.